क्रीटला गाडी कुणी चालवायची

क्रीटला फिरायचं कसं, हे सोलापुरात आमच्या घरी जेवताना ठरलं, आणि ते दाजींनी ठरवलं. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. त्यांची मुलगी जर्मनीत असते. तिच्याकडे जायचंच होतं, तर तिथून आम्ही चौघांनी आठवडाभर त्या ग्रीक बेटावर जाऊन यावं असं निघालं. आमचे हे बसच्या बाजूचे. तिकीट काढावं, खिडकीशी बसावं, समुद्र बघत जावं. वन्संनाही बसच हवी होती. दाजींनी भाकरी मोडता मोडता दोघांनाही निकालात काढलं.

"बसनं हिंडायला काय अक्कलकोटला चाललोय व्हय? गाडी घ्यायची. मी चालवतो."

मी म्हटलं, अधूनमधून मीही चालवीन. मी रोज अक्कलकोटच्या पुढच्या शाळेत शिकवायला जाते, ती स्वतः गाडी चालवत. हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. दाजी हसले आणि त्यांनी मैंदर्गीची गोष्ट काढली.

गोष्ट अशी. लग्नानंतर काही वर्षांनी मी गाडी शिकले. मैंदर्गीच्या शेतावर पुतण्याचं जावळ होतं आणि आदल्या दिवशी चांगलाच पाऊस झाला होता. मी गाडी घेऊन पोचले तेव्हा दाजी बांधावर उभे राहून हात करत होते, मागं घ्या, अजून मागं घ्या. मी घेतली आणि चाकं काळ्या रानात रुतली. दाजींनी दार उघडून मला खाली उतरायला लावलं, किल्ली काढून घेतली. ट्रॅक्टरनं गाडी निघाली आणि मग पंगतीत त्यांनी माझी नक्कल केली, स्टेअरिंग छातीशी धरलेलं, तोंड रडवेलं. 'मागं घ्या' कोण म्हणत होतं, ते त्यात नव्हतं. मी आमटी वाढत होते. घरची सून, काय बोलणार? पुढं प्रत्येक बारशाला, लग्नाला, वास्तुशांतीला ती नक्कल झाली. एकदा तर आमच्या मुख्याध्यापकांसमोर झाली, माझ्याच घरात, मी केलेला चहा पीत.

त्या दिवशीही ती झाली. हे हसले नाहीत, पण थांबवलंही नाही.

गाडीचं बुकिंग माझ्याकडं आलं, कारण मोबाइलवरची असली कामं घरात मीच करते. गिअरची हवी की ऑटोमॅटिक, असं तिथं विचारलं होतं. दाजी कितीतरी वर्षं ऑटोमॅटिकच चालवतात. क्लचवर पाय ठेवायची सवय पार गेलेली. त्यातून तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूनं जायचं, स्टेअरिंग डावीकडं, गिअर उजव्या हातानं. मला सगळं कळत होतं. मी गिअरची निवडली आणि चालवणारी दुसरी व्यक्ती म्हणून स्वतःचं नाव घातलं.

ह्यांनी मागून स्क्रीन पाहिली. "दाजींना विचारलंस का?"

"त्यांना सगळं येतं की," मी म्हटलं.

परदेशात चालवायचा परवाना काढायला मी आणि दाजी, दोघंही आरटीओत गेलो. तुमचा कशाला, असं दाजींनी विचारलं. असू दे, म्हटलं. त्यानंतर घरी कुणी नसताना मी खुर्चीवर बसून उजव्या हातानं गिअर टाकायची सवय केली. स्वयंपाकघरातली रवी उभी धरायची, डावा पाय दाबायचा, पहिला, दुसरा, तिसरा. हसू येत नव्हतं मला. मनात एकच होतं, की हा माणूस माझ्यासमोर उताणा पडलेला मला बघायचाय.

क्रीटच्या विमानतळावर दाजी ऐटीत उजवीकडचं दार उघडून बसले. समोर स्टेअरिंगच नव्हतं. मग उतरून डावीकडं आले आणि त्यांना गिअरचा दांडा दिसला. ऑटोमॅटिक मिळेल का, असं त्यांनी काउंटरवरच्या मुलीला हळूच विचारलं. ती म्हणाली, आता एकही नाही. गिअरची जमणार नाही, असं आमच्यासमोर म्हणणं त्यांच्याच्यानं झालं नाही. पहिला दिवस सपाट रस्त्याचा होता. वळताना दिवा लावायला जायचे आणि लख्ख उन्हात वायपर फिरायचे. मी मागच्या सीटवर गप्प बसून होते. त्या रात्री लागली इतकी चांगली झोप मला बऱ्याच दिवसांत लागली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून दक्षिणेच्या किनाऱ्याला निघालो. दोन्हीकडं कण्हेर फुललेली, खाली ऑलिव्हची रानं. एका खेड्यात रस्ता अरुंद झाला आणि उभा चढ लागला. पुढं मेंढरांची गाडी थांबली, म्हणून दाजी थांबले. ती निघाली. आमची निघेना. इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, गाडी हातभर मागं घसरली, पुन्हा बंद. मागं प्रवाशांनी भरलेली बस होती. तिनं हॉर्न दिला. दारात खुर्ची टाकून बसलेली एक म्हातारी विणकाम थांबवून बघू लागली.

हँडब्रेक ओढा, अर्ध्या क्लचवर सोडा, एवढंच सांगायचं होतं मला. मी सांगितलं नाही. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीतून कण्हेर बघत राहिले. दाजींच्या मानेवरून घाम उतरत होता. गाडी आणखी मागं सरकली. वन्संनी पुढच्या सीटवरून हात लांबवून हँडब्रेक ओढला.

"वैनी," दाजी वळून न बघता म्हणाले, "जरा बघता का?"

"काय बघू?"

"गाडी."

"गाडीचं काय?"

मागं हॉर्न चालूच होता. दाजींनी सीटबेल्ट सोडला. "तुम्ही चालवा."

मी सावकाश उतरले. त्यांच्या हातात काही नव्हतं, तरी हातांचं काय करावं ते कळत नसल्यासारखे ते रस्त्यात उभे होते. मी त्यांना मागं बसा म्हटलं, आणि दार नीट लावा. मग सीट पुढं घेतली, आरसा माझ्या उंचीला केला, दुसराही केला. घाई केली नाही. बसमधले लोक उभे राहून बघत होते, बघू दिलं. मग गाडी उचलली. ती तसूभरही मागं गेली नाही.

गावाबाहेर वळणं लागल्यावर मागून दाजींच्या सूचना सुरू झाल्या, दुसरा टाका, डावीकडं दाबू नका, हॉर्न मारा.

"साकु," वन्सं म्हणाल्या. माहेरची कानडी त्या नवऱ्याशी कधी बोलत नाहीत. पुरे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ, आणि तो दाजींना कळला.

उरलेले सगळे दिवस गाडी मी चालवली. दाजींनी डोळ्यांवर टोपी ओढून मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेतलं. एका संध्याकाळी किनाऱ्यावर चालताना हे म्हणाले, आता तरी राग सोड, बिचारे वयस्कर आहेत. मला वाईट वाटायला हवं, असं त्यांना वाटत होतं. मी मनात शोधून पाहिलं. तसं काहीच नव्हतं. उलट तो चढ आणखी लांब असायला हवा होता, असं वाटत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी बॅगा भरत होते तेव्हा वन्सं खोलीत आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. विमानतळाला जाताना ते मेंढरांचं गाव लागतं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, ते पार उलट्या दिशेला, लई लांब पडतं.

त्यांनी पदराची घडी सारखी केली.

"मग सकाळी जरा लवकर निघू की," त्या म्हणाल्या.