बायकांच्या बाजूचा पडदा

मैत्रिणींनो, मंडळाची फिरती वही आज माझ्याकडे आहे, म्हणून मनात ताजं आहे तोवर लिहिते.

दुपारी वन्सं आणि मी बोलपट पाहून आलो. आपल्या सोलापुरात बायकांच्या बाकांपुढे पडदा असतो, तुम्हाला ठाऊकच आहे. अंधार झाला की बाजूला सारायचा, दिवे लागायच्या आत ओढून घ्यायचा. आज दोरी माझ्या हाताशी होती.

बोलपटातली बाई घर सोडते आणि आवडलेल्या माणसाला स्वतःहून म्हणते, "मला तू हवास." मला रागच आला. निजलेलं मूल टाकून गेली हो! तरी तिच्या आवाजावर मी तरंगत राहिले, चांदण्यात गच्चीवर पडल्यासारखी.

आणि दिवे लागले. पडदा उघडाच! पुढच्या बाकांवरचे पुरुष वळून बघायला लागले. मी दचकून दोरीला हात घातला.

विशीतच विधवा झालेल्या आमच्या वन्संनी माझं मनगट धरलं. "राहू दे की गं," त्या हळूच म्हणाल्या. "मी अजून तिच्याजवळच आहे."

ती बाई चुकलीच, असं मी अजून म्हणते. पण पडदा मी ओढला नाही.

तुम्ही ओढला असता?