भावजींची मोटार आणि आईचं लुगडं

कर्जत-खालापुरात माणसांपेक्षा मोटारीचं अंग जास्त जपणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला थोरला दीर म्हणून यावा, याचा मला आजही संताप येतो. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, त्यामुळे भावजींची मोटार आमच्या खालापूरच्या अंगणात नुसती उभी. पण उभ्या मोटारीलाही रोज सकाळी आंघोळ, आणि नंतर पुसायला साधंसुधं कापड चालायचं नाही. नव्या कापडाला खळ असते, ते पाणी पीत नाही, नुसतं इकडचं तिकडे करतं. टर्किश टॉवेलाचे धागे काचेला चिकटतात. पंचा खरखरतो. हे सगळं ते जेवताना सांगत आणि आमटी निवून जाई. कर्जतच्या बाजारात ते टॉवेल गालावर घासून पाहत. दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "घ्यायचा हाय, का नुसतं तोंड पुसायचं हाय?" भावजींना त्याचं काही नाही. नेरळला जाऊन माथेरानच्या हॉटेलातले टाकाऊ टॉवेल आणले, उकळले, वाळवले, आणि "कोरड्या मनाचे आहेत" असा शेरा मारून मला पायपुसण्याला दिले.

घरात सगळ्यांना हसू येई. मला येत नसे. कापड रेशनवर होतं. कामाला येणारी काशी म्हणायची, "वैनी, आमी एका लुगड्यात वरीस काढतो, आन् तुमची मोटार रोज नवं मागते. हिला काय लाज हाय का नाय गं?" मला तिचं शब्दन्‌शब्द पटायचं.

त्यातच मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, पण माहेरी बोलवायला आई उरली नव्हती. तिचं एक सुती लुगडं तेवढं माझ्यापाशी होतं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. पोर जन्मलं की आधी त्यातच गुंडाळायचं, म्हणजे त्याला आजीची कूस मिळेल, असं मी मनाशी ठरवलं होतं. एका सकाळी दोरीवर वाळत घातलेलं ते लुगडं दिसेना. अंगणात गेले, तर भावजी त्याच्या तुकड्याने बॉनेट टिपत होते. काठ बोचतात म्हणून कापून बाजूला टाकलेले.

थोरल्या दिरापुढे आवाज चढवायची रीत नव्हती. मी चढवला. "अख्ख्या घरात माझ्या आईचंच सापडलं? स्वतःची धोतरं का नाही फाडलीत?"

ते गोंधळले. "जुनेर दिसलं म्हणून घेतलं गं," म्हणाले, आणि वर कौतुकाने, "असं पाणी पिणारं कापड तालुक्यात नाही." मी ते हिसकावून घेतलं. तेलाचे काळे डाग पडले होते. बाळासाठी आता त्याचा उपयोग नव्हता. मी रडले ती रागाने.

मुलगा झाला आणि चार दिवसांनी भावजी खोलीच्या दाराशी आले. रेशनचं कोरं, जाडंभरडं धोतर नेसलेले; पाऊल टाकलं की ते कडकड वाजे. हातात दुपट्यांची चळत. आपली मुरलेली होती नव्हती ती धोतरं फाडून त्यांनी ती स्वतः शिवली होती. टाके वेडेवाकडे.

"कडा आत दुमडल्यात, बोचायच्या नाहीत," ते म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "तुझ्या आईचं नाही हे, ठाऊक आहे मला."

मी चळत उशाशी ठेवून घेतली. मुलगा त्या दुपट्यांत वाढला, पण लुगड्याचं मी त्यांना पुढे वर्षानुवर्षं ऐकवलं, अगदी दिवाळीच्या फराळाच्या पाटावरसुद्धा. ते मान खाली घालून "चुकलंच माझं" म्हणत. आता भावजी नाहीत. राग होता तसाच आहे, आणि तो ऐकून घेणारं या घरात दुसरं कुणी नाही.