आदर्श आजीचा सत्कार

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि कुपवाडात पाळणाघराची चळवळ सुरू झाली. हसू नका, अगदी तसंच झालं.

सून इथल्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. सव्वा वर्षाचा नातू माझ्याकडं. मग शेजारणीही आपापली पोरं, "मावशी, तुमची नजर असू द्या," म्हणत आणून सोडायला लागल्या. नजर काय, बघता बघता घर भरलं. आता मी खाटेवर पडले तर या सगळ्याजणींची कामं सुटणार. सुनेनं तर सांगूनच टाकलं, "आत्या, तुमी बऱ्या होईस्तवर मी काम सोडते." एकदा सुटलेलं काम परत मिळत नाही, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. मी डॉक्टरांकडं जायचंच टाळायला लागले.

तेव्हा पोरांच्या आयाबापांनी ठरवलं, कारखान्यांच्या वसाहतीच्या हापिसात, मोठ्या साहेबांकडं जायचं. तिथल्या सभागृहामागची खोली धूळ खात पडलीय. तिथं पाळणाघर काढा, पगारी बाई नेमा, एवढीच मागणी. पण साहेबांसमोर पोरं रडली तर बरं दिसत नाही ना! वळणाची माणसं आमची. सगळी पोरं माझ्याकडं ठेवली आणि पाळणाघर मागायला गेली.

साहेबांनी चहा पाजला नि विचारलं, "आत्ता मुलं कुठं आहेत?"

"मावशींकडं," एकजण बोलून गेली.

"मग सोय आहेच की!"

तोंडं पाडून आली सगळी. मी म्हटलं, "दात दुखतोय सांगायला गेलासा, आन् दात घरी ठिवून गेलासा व्हय गं?"

साहेब मात्र मनाचे मोठे. महिला दिनाला त्यांनी 'आदर्श आजी' म्हणून माझा सत्कारच ठेवला. फ्लेक्सवर माझा फोटो, साहेबांच्या फोटोपेक्षा थोडा लहान.

सून फणफणली, "जायचं न्हाई, आत्या. आपली तोंडं बंद करायला बलवत्यात."

"जायचं," मी म्हटलं. "खरं, या खेपेला पोरं घरी ठिवायची न्हाईत."

सभागृहात मला स्टेजवर बसवलं, नारळ दिला, शाल घातली. साहेब माइकवर सांगत होते, आपल्या संस्कृतीत पाळणाघराची गरजच नाही, आजी म्हणजे चालतं-बोलतं पाळणाघर. 'चालतं' ऐकून माझा गुडघा कळवळला. तेवढ्यात एक पोरगं आईच्या मांडीवरून सुटलं आणि पायऱ्या चढून माझ्याकडं आलं. त्याच्यामागं दुसरं. मग सगळीच. एकानं साहेबांचं धोतर... नाही, पॅन्ट धरून उभं राहायचा सराव केला. नातू झोपेला आला होता, त्यानं गळा काढला. मी काय करणार? स्टेजमागच्या दोन खांबांना सत्काराची शाल बांधली, कमी पडली तिथं सुनेची ओढणी जोडली. झोळी झाली. दोन झोके दिले, पोरगं गप्पगार.

"साहेब, जरा हळू बोला," मी म्हटलं. "आत्ताच डोळा लागलाय."

आणि सांगते, पुढचं भाषण साहेबांनी कुजबुजत केलं! सभागृह हसू दाबत बसलं. शेवटी मला माइक दिला. मीही हळूच बोलले, "सत्कार पावला. उद्या ऑपरेशनची तारीख घेते. त्या दिवसापास्नं ही सगळी तुमच्या केबिनीत येतील. चालतं-बोलतं पाळणाघर बंद पडतंय, साहेब."

साहेबांनी पॅन्टला लोंबणाऱ्या पोराकडं बघितलं आणि शिपायाला मागच्या खोलीची चावी आणायला धाडलं. "तात्पुरतं हं," म्हणाले.

ऑपरेशन झालं. आता मी खाटेवर पडून पाय वरखाली करते. रोज सकाळी सून दारातनं म्हणते, "आत्या, येते मी," आणि नातवाला काखेत मारून निघते, त्याला पाळणाघरात सोडून कामाला जाते. शाल तिकडंच झोळी करून टांगलीय. पाळणाघराला पगारी बाई मिळाली, पाटीही लागलीय म्हणे, झोकदार अक्षरात: साहेबांच्या संकल्पनेतून.

असू दे. संकल्पना त्यांची, गुडघा माझा.