जाते म्हणू नये

आई, वाईहून निघताना घाटावर तू माझ्या हातून कृष्णामाईची खणानारळाने ओटी भरून घेतलीस. टॅक्सीवाला हॉर्न मारत होता, विमान चुकायची धास्ती होती. मी घाईत म्हणाले, "जाते गं." तुझा चेहराच उतरला. "जाते म्हणू नये. येते म्हण." मी हसले आणि गाडीत बसले. म्हणायचं राहूनच गेलं.

सिंगापुरात सगळं वेळेवर येतं, एमआरटीची मेट्रो काय, पगार काय. आलं नाही ते मूल. दोनदा तिसऱ्या महिन्याच्या स्कॅनला डॉक्टरांनी स्क्रीन स्वतःकडे वळवली. शकुन-अपशकुन मानणारी मी नव्हे, तरी लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये तो एकच शब्द, 'जाते', टोचायचा. तुला कळवलं नाही. तू मलाच धीर देत बसली असतीस आणि मला तो सोसला नसता.

तिसऱ्या खेपेला स्कॅनच्या दिवशी सकाळपासून मी चपला घालून दारातच बसून राहिले होते. शेजारची बिसी नायजेरियाची, योरुबा जमातीची. तिने मला दंडाला धरून पासिर रिसच्या किनाऱ्यावर नेलं. समोर मालवाहू जहाजं, मागे कचरा टाकल्यास दंडाची पाटी. तिने कलिंगडाची फोड नुसती पाण्याला दाखवली आणि माझ्या हातात दिली.

"ही येमोजा, आमची देवी," ती इंग्रजीत म्हणाली. "मासे जिची लेकरं, ती आई. आमच्या गावी ती नदीच आहे. आमची माणसं गुलाम करून जहाजांत भरली, तेव्हा ती त्यांच्यामागे समुद्रात उतरली."

नदी लेकरांमागे समुद्रात गेली! मला रडूच कोसळलं. तिची भाषा येत नाही, मंत्र येत नाही. घोटाभर पाण्यात उभी राहून मी मराठीतच म्हणाले, "बाई गं, एवढं एक राहू दे." बिसी घड्याळ दाखवत होती. वळताना तोंडून आपोआप निघालं, "येते."

दुपारी डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. इवलंसं काहीतरी लुकलुकत होतं.

तुझी नात, आमची कृष्णा, आता चार वर्षांची आहे. रविवारी किनाऱ्यावरून निघताना ओरडते, "बाय बाय, सी!" मी दटावते, "येते म्हण." ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागते, "बट वी गोइंग होम, लाह!" तिचंही बरोबरच आहे. माझ्यापुरतं एवढंच कळलंय, की जिथून निघताना 'जाते' म्हणायला जीभ धजत नाही, ते घर.

आई, त्या दिवशीचं राहिलं होतं. येते.