नवऱ्याला दाखवलेले फोटो

शिरड शहापूरला रस्त्याकडेला आमचा फोटो स्टुडिओ होता. काम नवऱ्याचं, मी फक्त दुपारी डबा घेऊन जायची. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा कॅमेरा माझ्याकडं आला.

सुरुवातीला ते स्टुडिओत येऊन बसायचे, त्यांना तुटक बोलता यायचं. मी खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाकडं बघायची, तर ते चिडायचे. "माणूस नको बघू. उजेड... उजेड कुठून येऊन राहिला?" मला कळायचं नाही. माझ्या फोटोंत एक गाल पांढराफटक पडायचा, नाही तर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसायचे. लोक तोंडावर काही म्हणायचे नाहीत, पुन्हा मात्र यायचे नाहीत.

दिवाळीच्या सुमारास त्यांना दुसरा झटका आला. नांदेडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता, "न्हाई". चहा विचारला तरी न्हाई म्हणायचे, आणि कप ओठांना लावला की सगळा प्यायचे.

मी स्टुडिओ उघडत राहिले. एकदा कॉलेजच्या अर्जासाठी फोटो काढायला एक मुलगी आली आणि नेमकी लाईट गेली. मी तिला दाराशी बसवलं, ऊन अंगावर येणार नाही अशी जरा आत. थर्माकोलचा पांढरा तुकडा तिच्याच मांडीवर ठेवला. तिचा चेहरा खालून उजळला. डोळे दिसले, गालांची गोलाई दिसली. मी बटण दाबलं.

ती गेल्यावर शटर ओढलं आणि कॅमेरा घेऊन घरी पळाले. "अहो, बघा की. डोळ्याखाली काळं न्हाई आलं. बराबर हाय का?"

ते किती तरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाई."

"काहून? कुठं चुकलं?"

"न्हाई," म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

फोटो चुकला होता, की आवडला होता, की आपलं काम बायकोच्या हाती गेलेलं सोसवत नव्हतं? मला आजही माहीत नाही. नंतरचेही फोटो मी त्यांना दाखवत गेले. प्रत्येकाला तेच उत्तर. हळूहळू चांगला कोणता, वाईट कोणता, ते मलाही कळेनासं झालं. दाराशी तसाच उजेड पडला तरी भरवसा वाटेना. लोकही आता मोबाईलवरच भागवत होते.

या उन्हाळ्यात स्टुडिओ बंद केला. त्यांना सांगितलं, "आजपासून न्हाई उघडणार." ते भिंतीकडं बघत होते. मी वाटीतला भात कालवला आणि त्यांचं तोंड माझ्याकडं वळवलं.