ठिपक्याचं बारसं

माझी मुलगी मुक्ता कॉलेजात असताना सुट्टीच्या दुपारी खिडकीशी बसून, दुर्बिणीतून टिपलेले आकाशाचे फोटो कॉम्प्युटरवर एकामागून एक बघायची. एकदा तिनं मला हाक मारली. सगळे तारे जागच्या जागी होते. एक फिकट ठिपका मात्र दर फोटोत किंचित सरकत होता. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला तो एक नवा लघुग्रह निघाला.

त्याची कक्षा पक्की व्हायला वर्षं गेली. तोवर त्याला नुसता तात्पुरता क्रमांक होता. परवा मुक्ताचा फोन आला.

"आई, आता नाव सुचवायचंय. दादाचं काय ठेवणार होतात गं?"

मी निवडत असलेली मेथी बाजूला ठेवली. माझा पहिला मुलगा बारशाआधीच गेला. घरात सगळे त्याला 'ते बाळ' म्हणत. ठरवलेलं नाव मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

"निहार," मी म्हणाले.

बाहेर लख्ख ऊन होतं. त्या निळ्या उजेडापलीकडे तो आत्ताही सूर्याभोवती संथपणे फिरत असेल, पाळण्याला हलकासा झोका दिल्यासारखा, असं काहीतरी मनात येत राहिलं.

"निहार," मुक्ता हळूच म्हणाली.

ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.