मस्तगडच्या मिस्तरीबाई

सुजाताबाईंनी कधी कुणाच्या हातातला पाना काढून घेतला नाही. समोरचा चुकतोय हे त्यांना लांबूनच कळायचं, तरी त्या हात पाठीशी बांधून उभ्या राहायच्या. मला त्यांच्या रागापेक्षा त्या बांधलेल्या हातांचीच भीती जास्त वाटायची. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मनात यायचं.

जालन्यात मस्तगडला त्यांचं गॅरेज होतं, दोन गाड्या उभ्या राहतील एवढं. वय पंचावन्नच्या आसपास, साडीवर खाकी शर्ट, आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाला खणखणीत "जय भीम". कुणी ऐकून न ऐकल्यासारखं केलं की त्या पुन्हा म्हणायच्या, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. काम त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. "बापानं पाना हातात दिला तवा भावकी म्हणली, हिच्याशी लगीन कोण करंल? म्हणलं, ज्याची गाडी बंद पडंल तो." खरंच एका टेम्पोवाल्याशी त्यांचं लग्न झालं होतं.

मी तीर्थपुरी गावची. नववीत शाळा सुटली. शिवणक्लाससाठी मस्तगडला मावशीकडे राहायला आले. क्लासच्या वाटेवर हे गॅरेज होतं आणि मी रोज तिथे थांबून बघायची. आठवडाभरानं बाई म्हणाल्या, "बघायला तिकीट न्हाई. पर झाडू मारावा लागतो." झाडूपासून सुरू झालं, क्लास सुटला आणि दीड वर्षात मी ब्रेक, क्लच, गिअर लिव्हर उघडून बसवू लागले. घरी मात्र अजून शिवणक्लासच चालू होता. दर फोनला मी आबांना, माझ्या वडिलांना, नव्या ब्लाउजबद्दल सांगायची.

एका दुपारी आमच्या भावकीतले बाळूकाका कार टोचन करून घेऊन आले. त्यांच्या मुलानं कंपनीचा गिअर लिव्हर काढून बाजारातला आखूड लिव्हर बसवून घेतला होता. तो खडखडायला लागला म्हणून दुसऱ्या एका मिस्तरीनं उघडला, आणि त्याला तो परत जुळवता आला नाही. सगळे सुटे भाग एका पिशवीत होते. सोबत ना कागद, ना चित्र.

काकांनी पिशवी ठेवली आणि त्यांची नजर माझ्यावर गेली.

"तू आबाची कोमल ना गं? अन् हितं काय करून राह्यली? तुझा बाप तर सांगतो शिवणक्लासला हाय म्हणून!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी घरी खोटं सांगितलंय हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"खोटं बोललीस ती चूक," त्या म्हणाल्या. "काम शिकलीस ती चूक न्हाई. दोन्ही एकात कालवू नको. ती पिशवी उघड."

"बाई, पोरीच्या हातात देऊ नका. तुमीच करा," काका म्हणाले. "अन् हिच्या बापाला आजच फोन लावतो."

"लावा की. हेबी सांगा, का तुमची गाडी हिनंच जुळवली."

"अन् बिघडली म्हंजे?"

"तर तेबी सांगा. बिलकुल लपवू नका."

मी जुनी चादर अंथरून भाग मांडले. लिव्हरच्या तळाचा गोळा, तो जिच्यात फिरतो ती नायलॉनची वाटी, स्प्रिंग, वॉशर, लॉक. बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं, "घासल्याची खूण पाह्य. जिथं घासलंय तिथंच त्याचं घर." पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे आबा होते, खुणा कुठल्या दिसायला? हाताला कंपनीच्या लिव्हरची सवय होती, त्या सवयीनंच मी बसवत गेले. स्प्रिंगचा पाय चौकटीतल्या डावीकडच्या खिळ्याला अडकवला, वाटीला ग्रीस दिलं, लॉक दाबलं. तासाभरात लिव्हर उभा राहिला.

बाई गाडी घेऊन गल्लीत गेल्या, शेजारी काका. पहिला पडला, दुसरा पडला. दुसऱ्यातून तिसरा टाकायला गेल्या तर पुन्हा पहिलाच पडला. गाडीनं असा हिसका दिला की काकांचं कपाळ काचेला लागता लागता राहिलं.

"बघा! म्हणलो न्हवतो?" काका खाली उतरून ओरडायला लागले. "जल्दी तुमी हात घाला, न्हाई तर गाडी दुसरीकडं नेतो."

बाईंनी चावी त्यांच्या हातावर ठेवली. "न्या. पर तिसरा गिअर टाकू नका, घाटीतल्या बैलावानी मागं ओढंल." मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "उघड." आणि हात पाठीशी बांधले.

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बाहीनं पुसत मी लिव्हर पुन्हा उघडला. स्प्रिंग उजेडात धरली, चौकटीतल्या दोन्ही खिळ्यांवरून बोट फिरवलं. उजव्या खिळ्यावर घासल्याची केसाएवढी चकाकी होती. डावा खिळा नवाकोरा. या लिव्हरला स्प्रिंग उलट्या बाजूला लागत होती. मी ती डावीकडे लावल्यामुळे लिव्हर मधोमध यायच्याऐवजी पहिल्या-दुसऱ्याच्या अंगाला कलत होता. मी स्प्रिंगचा पाय उजवीकडे घेतला. लिव्हर सोडला तसा तो आपोआप मधे येऊन थांबला.

"आता तू चालव," बाई म्हणाल्या. काका शेजारी बसले. गल्लीच्या तोंडाशी मी दुसऱ्यातून तिसरा टाकला आणि तो लोण्यासारखा पडला. आबांना फोन मात्र काकांनी केलाच.

तिसऱ्या दिवशी आबा गॅरेजच्या दारात उभे. "बाई, पोरीला न्यायला आलोय."

"पोरगी तुमची हाय, न्या," बाई म्हणाल्या. "पर तिला इचारलं का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी खोटं बोलले आबा, ते चुकलं. पर मी न्हाई येत." आबा बाकड्यावर बसले, संध्याकाळपर्यंत माझं काम बघत राहिले आणि शेवटच्या गाडीनं एकटेच तीर्थपुरीला गेले. पुढे फोन यायचा, पण कामाचा विषय ते काढत नसत.

आता मी तामिळनाडूत होसूरला एका कारखान्यात गिअरबॉक्स जुळवते. भाषा अजून नीट येत नाही आणि सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला की आजही मी आधी त्याचे हात बघते. गेल्या उन्हाळ्यात मावशीनं फोन करून सांगितलं, सुजाताबाई गेल्या. मला सुट्टी मिळाली नाही. त्या संध्याकाळी आबांचा फोन आला.

"जालन्याला गेल्तो. बाईच्या मातीला."

"तुम्ही? तिथं तुम्हाला कोण वळखतं, आबा?"

"कोणी न्हाई. एकानं इचारलं, पाव्हणे, तुमी कोण?" आबा म्हणाले. "म्हणलं, बाईनं माझ्या पोरीला मिस्तरी केलं."